कसरत आणि सुभक्ती

शास्त्रपाठ : १ तीमथ्य ४:१-१६



पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय बहुधा तरुणसंघाच्या सभेत किंवा पाळकाच्या दीक्षाविधीच्या वेळी आपल्या कानांवर पडतो. कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये, हे बाराव्या वचनातील सांगणे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याच अध्यायात दोन अगदी घरगुती विषय शेजारी शेजारी आले आहेत, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तिसऱ्या वचनात अन्नाचा विषय आहे आणि आठव्या वचनात व्यायामाचा. आज ज्यांची चर्चा प्रत्येक घरात, प्रत्येक दवाखान्यात आणि उपासनेनंतर मंदिराच्या पायऱ्यांवरही चालते, ते आहार व व्यायाम हे दोन विषय देवाच्या वचनाने पहिल्या शतकातच हाताळले आहेत.

या चर्चेला कारणही आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पुन्हा सांगितले. तेव्हा शरीराकडे लक्ष देणे म्हणजे केवळ रिकामटेकड्यांची हौस, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येणार नाही. मंडळीतील किती कर्ते पुरुष आणि किती माता अकाली अंथरुणाला खिळल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रश्न इतकाच, की शरीराची काळजी घेताना ख्रिस्ती माणसाने कोणती दृष्टी बाळगावी?

टपालाने येणारी तालीम

घरबसल्या शरीर कमावण्याचे पाठ टपालाने मागविण्याची पद्धत नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या मल्लाचे नाव जगभर दुमदुमत होते. त्याची पुस्तके व साधने दूरदूरच्या देशांत जात. आपल्या महाराष्ट्रात औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनीही तरुणपणी सँडोची पुस्तके व साधने घेऊन वर्षानुवर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले, संस्थानातील शाळांतून त्यांनी ते रूढ केले आणि १९२८ साली त्यांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

मी ज्या बंगळूर नगरात राहतो, तेथे के. व्ही. अय्यर (निधन १९८०) हे प्रसिद्ध व्यायामाचार्य होऊन गेले. वजने, सूर्यनमस्कार आणि योगासने यांचा मेळ घालून त्यांनी आपली पद्धत बसविली. १९३० साली त्यांचे 'मसल कल्ट' आणि १९३७ साली 'सूर्य नमस्कार' ही इंग्रजी पुस्तके निघाली. १९४२ सालच्या त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'फिजिकल ट्रेनिंग थ्रू करस्पॉन्डन्स', म्हणजे पत्रव्यवहाराद्वारे शारीरिक शिक्षण, असे आहे. ज्यांनी बंगळूरची वेस कधी पाहिली नाही, अशा शिष्यांनाही ते पत्राने तालीम देत असत.

गेल्या वर्षी मीही असा एक बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम टपालाने मागविला. भाषांतराचे काम बैठे. दिवसाचे सात-आठ तास मान खाली आणि पाठ वाकलेली. वयाची पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी हालचालीची आठवण करून दिली होती. पुडक्यात दोन रबरी पट्टे, भिंतीवर लावण्याचा एक तक्ता, आहाराचा कागद, मोजपट्टी आणि दर आठवड्याला भरावयाची एक वही होती. बारा आठवडे मी तो क्रम पाळला. झोप शांत लागू लागली, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, पाठीचे दुखणे बरेच उतरले. याबद्दल मी देवाचे आभार मानतो. त्याच दिवसांत माझ्या मेजावर तीमथ्याचे हे पत्र होते, आणि त्या वहीच्या शेजारी ठेवून ते वाचताना जे दिसले, ते आपणापुढे मांडतो.

१. थोडे, परंतु उपयोगी

आठव्या वचनात पौल म्हणतो, की शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा आहे, पण सुभक्तीचा उपयोग सर्व बाबतींत आहे. मूळ ग्रीक भाषेत येथे कसरतीसाठी 'गुम्नासिया' हा शब्द आहे. संपूर्ण नव्या करारात तो या एकाच ठिकाणी येतो. आजचा 'जिम्नॅशियम' हा शब्द त्याच कुळातला. 'थोडा' यासाठी 'प्रॉस ऑलिगॉन' अशी शब्दयोजना आहे, आणि येथे भाषांतरकाराला क्षणभर थांबावे लागते. याकोबाच्या पत्रात (४:१४) हीच शब्दयोजना काळासाठी आली आहे. आपले जीवन थोडा वेळ दिसणाऱ्या वाफेसारखे आहे, असे तेथे सांगितले आहे. मग तीमथ्याच्या पत्रात 'थोडा काळ' म्हणावे, की 'थोड्या बाबतींत'? पुढील शब्द 'सर्व बाबतींत' असे असल्यामुळे 'थोड्या बाबतींत' हाच अर्थ अधिक सरळ बसतो. तरीही त्याच वचनात आताच्या व पुढच्या जीवनाचा उल्लेख असल्यामुळे काळाचा अर्थही मागे उभा आहे. कसरतीचे क्षेत्र लहान, आणि तिचे फळ टिकण्याची मुदतही लहान.

या वचनातील दोन शब्दांपैकी एक गाळून वाचण्याची सवय आपल्याला फार आहे. काही जण 'उपयोगी' हा शब्द गाळतात. शरीर म्हणजे माती, आत्म्याचे तेवढे पाहावे, असे म्हणून ते रक्तदाबाच्या गोळ्या विसरतात आणि त्यालाच अध्यात्म समजतात. परंतु हा विचार शुभवर्तमानाचा नव्हे. शब्द देही झाला (योहान १:१४), असे आपले शुभवर्तमान आहे. आपल्या विश्वासांगीकारात आपण देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो असे म्हणतो. ज्या देहाला देव पुन्हा उठविणार आहे, तो हेळसांड करण्याजोगा कसा असेल?

ख्रिस्ती मंडळीने ही गोष्ट कृतीनेही ओळखली होती. १८४४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या वायएमसीएने पुढे आत्मा, मन आणि शरीर यांचा त्रिकोण आपले चिन्ह म्हणून स्वीकारला. जेम्स नेस्मिथ याने ईश्वरविद्येचे शिक्षण घेतले होते, आणि १८९१ साली अमेरिकेतील वायएमसीएच्या शिक्षणसंस्थेत त्याने बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. आपल्या देशात हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासमध्ये वायएमसीएच्या वतीने शारीरिक शिक्षणाची संस्था उभी केली. तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हिंदुस्थानातील कितीतरी शाळांची मैदाने गजबजून टाकली.

दुसरे काही जण 'थोडा' हा शब्द गाळतात. त्यांच्यासाठी शरीर हेच सर्वस्व होऊन बसते. तक्त्यावरील एखादा दिवस चुकला तर त्यांचे मन टोचते, परंतु महिनाभर शेजाऱ्याशी अबोला असला तरी टोचत नाही. पौलाने 'थोडा' हा शब्द कसरतीचा अपमान करण्यासाठी घातला नाही. त्याने तिला तिची योग्य जागा दाखविली. योग्य जागी ठेवलेली वस्तू घराची शोभा असते. तीच वस्तू उंबरठ्यात ठेवली तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लागते.

२. ताटापुढचे स्वातंत्र्य

आता आहाराकडे वळू. इफिस येथील काही खोटे शिक्षक अमुक अन्न वर्ज्य करा, असा उपदेश करीत होते. त्याला पौलाचे उत्तर असे, की देवाने निर्मिलेले सर्व चांगले आहे. ते उपकारस्तुतीने घ्यावे. देवाचे वचन आणि प्रार्थना यांनी ते पवित्र होते (वचने ३-५). लक्षात घ्या, पौल येथे कमी खाण्याविरुद्ध बोलत नाही. अमुक एक पदार्थ टाळला म्हणजे आपण इतरांपेक्षा शुद्ध झालो, या समजुतीविरुद्ध तो बोलतो. आज मधुमेही माणसाने गोड टाळणे हे शहाणपण आहे. पण शेजाऱ्याच्या ताटातील गोडाकडे पाहून नाक मुरडणे हा जुनाच रोग नव्या नावाने आला, असे समजावे.

मला आलेला आहाराचा कागद दूरच्या कोणत्या तरी स्वयंपाकघरासाठी लिहिलेला होता. त्यातील अर्धे पदार्थ आमच्या बाजारात महाग, उरलेले अनोळखी. माझ्या पत्नीने तो शांतपणे वाचला आणि ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर, आणि आठवड्यातून दोन वेळा येथील रागीची मुद्दी, असा त्याचा मराठी-कन्नड अनुवाद केला. भाषांतराचा पहिला नियम तिने पाळला होता. शब्द बदलले, अर्थ राहिला. देवाने प्रत्येक प्रदेशाला त्याचे धान्य दिले आहे आणि उपकारस्तुती करायला ते पुरेसे आहे.

आहाराची परीक्षा म्हटली की दानीएलाची आठवण होते. दहा दिवस आम्हांला शाकान्न व पाणी देऊन पाहा, असे त्याने कारभाऱ्याला सांगितले (दानीएल १:१२). मूळ इब्री शब्दाचा अर्थ 'पेरलेल्यापासून मिळणारे' असा आहे. त्यात कडधान्य व भाजीपाला दोन्ही आले. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक मंडळीचे तेव्हाचे पाळक रिक वॉरन यांनी २०११ साली दानीएलाच्या नावाने आपल्या मंडळीत आरोग्याची योजना सुरू केली आणि २०१३ साली तिचे पुस्तकही निघाले. अशा योजनांनी पुष्कळांचे भले झाले असेल. परंतु दानीएलाचा हेतू वजन घटविण्याचा नव्हता. पंधरावे वचन वाचा. दहा दिवसांनी ते चौघे इतरांपेक्षा अधिक धष्टपुष्ट दिसले, असे तेथे लिहिले आहे! आजच्या वहीत असा निकाल कोणी आनंदाने लिहिणार नाही. राजाच्या मेजावरील अन्न स्वीकारून आपण राजाचे होऊन बसू नये, आपण देवाचे आहोत हे बाबेलमध्येही विसरू नये, हा दानीएलाचा हेतू होता. तेव्हा ताटापुढे बसताना ख्रिस्ती माणसाने विचारावयाचा पहिला प्रश्न 'यात किती कॅलरी आहेत?' हा नव्हे. 'मी कोणाचा आहे?' हा होय. दुसरा प्रश्न मग त्याच्या जागी विचारावा.

आणखी एक ताट आपण विसरू नये. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. त्या हाडांच्या सापळ्यांना आधी भरवावे लागले, धुवावे लागले, त्यांच्या जखमा बांधाव्या लागल्या. याच रमाबाईंनी पुढे संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले आणि १९२२ साली, ते काम हातावेगळे होता होताच, त्या प्रभूकडे गेल्या. भाषांतर करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्यांच्या चरित्रातून मोठा धडा मिळतो. वचनाची सेवा आणि शरीराची सेवा त्यांनी एकमेकींपासून तोडली नाही. आपण ज्या देशात भूक कमी करण्यासाठी पैसे खर्च करतो, त्याच देशात कोणाला भूक भागवायला पैसे नाहीत. ज्या उपवासाने आपले ताट हलके होते, त्याने दुसऱ्याचे ताट थोडे भरले, तर तो उपवास यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायाशी जुळतो.

३. वहीत नसलेला रकाना

पत्राने तालीम देणाऱ्या गुरूची पद्धत काय असते? शिष्य दूर असतो. गुरू त्याला पाठ लिहून पाठवितो, शिष्य करून पाहतो आणि प्रगती कळवितो. गुरू समोर नसल्यामुळे सगळी भिस्त शिष्याच्या प्रामाणिकपणावर. आता तीमथ्याचे पत्र या नजरेने वाचा. मी येईपर्यंत वाचन, बोध व शिक्षण यांकडे लक्ष दे, असे पौल तेराव्या वचनात म्हणतो. पंधराव्या वचनात तो म्हणतो, की यांत गढून जा, म्हणजे तुझी प्रगती सर्वांना दिसून येईल. हे तर पत्रव्यवहाराद्वारे दिलेले सुभक्तीचे शिक्षणच आहे! आणि आजही आपण त्याच टपालावर जगतो. आपला गुरू येईपर्यंत त्याची पत्रे आपल्या हाती आहेत.

माझ्या वहीत छाती, कंबर, दंड आणि वजन असे चार रकाने होते. पौलाच्या बाराव्या वचनात भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास आणि शुद्धता असे पाच रकाने आहेत. कंबर किती उतरली हे मोजपट्टी सांगते, पण जिभेची धार किती उतरली हे कोण सांगणार? ते घरातील माणसे सांगतील. म्हणूनच पौल 'सर्वांना दिसून येईल' असे म्हणतो. शरीराची कसरत बंद खोलीत एकट्याने करता येते. सुभक्तीची कसरत एकट्याने पुरी होत नाही. क्षमा करायला अपराधी लागतो, सहन करायला त्रास देणारा लागतो आणि प्रीती करायला शेजारी लागतो.

येथे एक इशाराही आहे. सातव्या वचनातील 'कसरत कर' हे क्रियापद नव्या करारात आणखी तीन ठिकाणी येते. इब्री लोकांस पत्रात ते दोनदा आले आहे. तेथे सरावाने तयार झालेली ज्ञानेंद्रिये बरे व वाईट ओळखतात (५:१४), आणि शिक्षेतून वळण लागलेल्यांना नीतिमत्त्वाचे फळ मिळते (१२:११). परंतु चौथे ठिकाण २ पेत्र २:१४ हे आहे, आणि तेथे लोभाच्या कामी सरावलेल्या अंतःकरणाचे वर्णन आहे. म्हणजे कसरत सगळेच करीत असतात. रोज थोडा राग, रोज थोडा हेवा, रोज आरशापुढे थोडा गर्व, हीही तालीमच आहे आणि तिचेही स्नायू बळकट होतात. कसरत करावी की करू नये, असा पर्याय आपल्यापुढे नाही. कशाची करावी, एवढेच आपल्या हाती आहे.

४. जे शरीर सुधारत नाही

आता सर्वांत कठीण प्रश्न. आमच्या प्रार्थनागटात एक वृद्ध भगिनी आहेत. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली आहेत आणि बरीच वर्षे त्या अंथरुणावर आहेत. एका रविवारी आमच्या सभेत तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे (१ करिंथ ६:१९), म्हणून त्याची निगा राखा, असा बोध झाला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "भाऊ, मग माझे मंदिर पडके समजायचे का?"

बंधुभगिनींनो, आपला कोणताही बोध या प्रश्नापुढे टिकला पाहिजे. ज्या उपदेशाने धडधाकट माणूस खूश होतो आणि रुग्ण माणूस खचतो, तो उपदेश शुभवर्तमान नव्हे. त्या वचनात 'मंदिर' यासाठी 'नाओस' हा ग्रीक शब्द आहे. मंदिराच्या सगळ्या आवाराला 'हिएरॉन' म्हणत. 'नाओस' म्हणजे आतील पवित्रस्थान, आपल्या बोलीत सांगायचे तर गाभारा. गाभाऱ्याचे पावित्र्य त्याच्या भिंतींच्या गिलाव्यावर ठरत नाही, आत कोण वास करतो यावर ठरते. शिवाय पौलाने हे वचन सुडौल शरीराविषयी लिहिलेच नाही. जारकर्मापासून दूर पळा, हे सांगताना त्याने ते लिहिले. आणि त्याचे कारण विसाव्या वचनात आहे. आपल्याला मोल देऊन विकत घेतले आहे. ते मोल वधस्तंभावर मोडलेल्या एका शरीराचे होते. मी त्या भगिनींना इतकेच म्हणालो, "मावशी, गाभारा शाबूत आहे." त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मग आम्ही दोघांनी प्रार्थना केली.

ज्या तीमथ्याला हे पत्र गेले, तोही काही पहिलवान नव्हता. पुढच्याच अध्यायात (५:२३) त्याच्या पोटाच्या विकाराचा आणि वारंवार होणाऱ्या दुखण्याचा उल्लेख आहे. पौल त्याला घरगुती औषध सुचवितो, त्याच्या विश्वासात उणीव आहे असे म्हणत नाही. स्वतः पौलाच्या शरीरात काटा होता (२ करिंथ १२:७). त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडले होते (२ तीमथ्य ४:२०). दुखणेकऱ्या गुरूने दुखणेकऱ्या शिष्याला लिहिलेले हे पत्र आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे 'थोडा' हा शब्द किती कोवळा होतो! कसरतीचा उपयोग सर्व बाबतींत असता, तर तीमथ्यासारख्यांचे काय झाले असते?

वर ज्यांचा उल्लेख केला, त्या के. व्ही. अय्यरांनी कन्नड भाषेत 'रूपदर्शी' नावाची कादंबरी लिहिली आहे. चित्रकार मायकेलअँजेलोला बाळ येशूच्या चित्रासाठी ज्या मुलाचा निरागस चेहरा मिळतो, तोच मुलगा पुढे मोठेपणी, यहूदाच्या चित्राला योग्य असा पतित चेहरा घेऊन त्याच्यासमोर येतो, असे तिचे कथाबीज आहे. हा इतिहास नव्हे, कल्पित कथा आहे. पण ज्यांनी उभे आयुष्य शरीर घडविण्यात घालविले, त्यांनाच ही कथा लिहावीशी वाटली, हे विचार करण्याजोगे आहे. स्नायू बाहेरून घडविता येतात, चेहरा आतून घडतो. आणि आमच्या मावशींच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता आहे, ती कोणत्याही तक्त्याने येणारी नाही. आपला बाह्यदेह क्षय पावत असला, तरी अंतरात्मा दिवसेंदिवस नवा होत आहे (२ करिंथ ४:१६), या वचनाचे भाष्य मी त्यांच्या खाटेशेजारी बसून वाचले आहे.

करावयाचे काय?

चालायला जमत असेल तर चाला. डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य पाळा. टपालाने, पुस्तकाने वा मोबाइलवर मिळालेला व्यायामाचा क्रम प्रकृतीला मानवत असेल, तर उपकारस्तुतीने तो करा. माझे रबरी पट्टे अजून खुंटीवर आहेत आणि आठवड्यातून चार दिवस ते खाली येतात. मात्र वहीत एक रकाना वाढवा आणि त्यात शनिवारी रात्री लिहा, की या आठवड्यात मी कोणाला क्षमा केली, कोणत्या आजाऱ्याजवळ बसलो, कोणाच्या ताटात काही वाढले. ज्या जोमाने आपण अर्धा किलो वजनाचा हिशेब ठेवतो, त्या जोमाने हा हिशेब ठेवला, तर मंडळीची प्रकृती सुधारायला बारा आठवडेही लागणार नाहीत.

आणि ज्यांना हातही उचलता येत नाही, त्यांनी खंत करू नये. प्रभू येईल तेव्हा आपले हे नीचावस्थेतील शरीर बदलून आपल्या गौरवी शरीरासारखे करील (फिलिप्पै ३:२१). ते काम त्याने आपल्यावर सोपविलेले नाही, स्वतःकडे ठेवले आहे.

प्रार्थना : हे आमच्या देहांच्या निर्माणकर्त्या, आम्हांला दिलेल्या बळाबद्दल व अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो. बळ असता गर्वापासून आणि बळ सरता निराशेपासून आम्हांला राख. तुझा पुत्र येईपर्यंत सुभक्तीच्या तालमीत आम्हांला टिकव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.